मदत हवी आहे : बाबा आणि काकांना एका पंगतीत कसं बसवू?

बाबा आणि धाकटे काका, दोघेही जुने शिवसैनिक. दसरा मेळाव्याला शिवाजी पार्कवर एकाच लोकलने जायचे, डबाही एकच. जून २०२२ मध्ये पक्ष फुटला आणि आमचं घरही. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचं धनुष्यबाण चिन्ह शिंदे गटाला दिलं, तेव्हा काकांनी पेढे पाठवले. बाबांनी पुडा न उघडता परत धाडला.

गेल्या गणपतीत बाबांच्या तोंडून 'गद्दार' निघालं आणि काका भरल्या ताटावरून उठले. आई तुपाची वाटी घेऊन तशीच उभी. मोदकावर धार धरायची राहूनच गेली.

'घरात राजकारण नको' हा नियम करून पाहिला. मग पावसाचा विषय निघतो, पावसावरून खड्डे, खड्ड्यांवरून महापालिका, की झालं सुरू!

कोणाचं मत बदलायचं नाहीये मला (माझं स्वतःचंच कुठे ठरलंय). पण आरतीला झांजा काकांनीच वाजवाव्यात असं वाटतं. कोणाच्या घरी असं होऊन निवळलंय का? आधी कोणाशी बोलू? काकूंना मध्ये घालू, की थेट बाबांनाच फोन करायला लावू?