पत्रकारिता की मास कॉम (मास कम्युनिकेशन, म्हणजे जनसंवाद)?

बर्डीकर: बीए झालंय, मराठी लिहिता येतं. नागपुरात राहून यातलं काय घ्यावं?

शाईपेन: नावावर जाऊ नका, अभ्यासक्रम उघडून पेपर मोजा. बातमीलेखन, उपसंपादन, माध्यम कायदे जास्त असले तर ती पत्रकारिता. जाहिरात, जनसंपर्क, संशोधन, चित्रपट आले की मास कॉम. पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकाच पदवीत कोंबलेलं असतं. प्रात्यक्षिकाला गुण किती आणि इंटर्नशिप सक्तीची आहे का, तेही विचारा. कॅमेरा १ आणि मुलं ४० असली तर प्रात्यक्षिक वहीतच उरकतं!

वऱ्हाडी: बातमीदारीच करायची तर नागपूरसारखी जागा नाही, हिवाळी अधिवेशन दारात. फक्त तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा), लक्षवेधी (तातडीच्या बाबीकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) आणि स्थगन प्रस्ताव (ठरलेलं कामकाज थांबवून चर्चा मागणारा) यांतला फरक आधी पक्का करा. नवखे तिथंच घसरतात, मग पहिलं वाक्यच चुकतं. अमरावतीच्या आयआयएमसीतला (भारतीय जनसंचार संस्था) मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमाही पाहून ठेवा.

शाईपेन: डिप्लोमा नोकरीपुरता ठीक. पुढं प्राध्यापक व्हायचं असेल तर पदव्युत्तर पदवीच लागते. नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, मात्र पत्रकारिता आणि मास कॉम मिळून विषय एकच आहे.

बर्डीकर: म्हणजे आधी पेपर मोजतो.