जमीनच वितळली तर घर कसं टिकवायचं?

खानापूर: आज्जीनं सारवलेल्या आमच्या मातीच्या भिंतीला दर पावसाळ्यात खालून ओल चढते, त्याचंच शोधताना कॅनडाच्या उत्तर टोकाला इनुइट या मूळ रहिवाशांचा नुनावुत प्रदेश हाय, त्याबद्दल वाचलं, तिथं गोठलेली जमीनच वितळायली आणि घरं कलायलीत, मग जुना वारसा राखतात कसा, सांगा की ओ?

बेळगाव: घर जमिनीला टेकवतच नाहीत बगा. खांबांवर उचलतात, खालनं गार वारा खेळतो, घराची ऊब जमिनीत उतरत नाही. काही ठिकाणी स्क्रूजॅक, म्हणजे फिरवून वरखाली करायचे लोखंडी टेकू असतात, घर कललं की परत लेव्हल.

निपाणी: नुनावुतच्या बाहेर, कॅनडाच्याच युकॉनमधल्या हर्शेल बेटावर किनारा ढासळायलाय म्हणून जुन्या इमारती मागं सरकवल्यात. इनुइटांच्या जुन्या पद्धतीच्या घराला कार्माक म्हणतात, त्याला दगड, गवताळ मातीची ढेकळं, व्हेलची हाडं, वर कातडं. हे ज्ञान तिथल्या म्हाताऱ्यांकडं हाय, त्यामुळं निर्णयपण त्यांचाच पाहिजे. तुमच्या आज्जीला विचारून ठेवा, माती कुठली आणायची ती.

खानापूर: आजच विचारतो.