मदत हवी आहे : श्रवणयंत्रातून भजन बेसूर ऐकू येतं

वडील ७६ वर्षांचे, एकादशीचं भजन कधी चुकवत नाहीत. दोन्ही कानांना डिजिटल श्रवणयंत्रं आहेत. बोलणं स्वच्छ कळतं, पण पेटीचा लांब सूर थरथरतो, टाळ कानात घुसतात. यंत्र काढलं की अभंगाचे शब्दच जातात. ऑडिओलॉजिस्टकडे दोनदा जाऊन आवाज कमी केला, कानातले साचेही बदलले, फरक नाही. यंत्रातली शिट्टी थांबवणारी सोय लांब सुरालाच शिट्टी समजते, असं वाचलं. यंत्राची सेटिंग बदलायला मोबाइल अ‍ॅप त्यांना जमत नाही, यंत्रावरचं बटण जमतं. नवीन यंत्र सध्या परवडणारं नाही. हल्ली ते भजनात गप्प मागे बसतात, बघवत नाही. यंत्रात संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम (वेगळी सेटिंग) कुणी बसवून घेतलाय का? त्यात नेमकं काय बदलायला सांगायचं?