मदत हवी आहे: पार्तागास सिगार शेवटी कडू होतेय, दोष सिगारचा की माझ्या ह्युमिडोरचा (सिगार ठेवायच्या पेटीचा)?

नमस्कार मंडळी, सिगारवाले इथे थोडेच असतील पण जे आहेत त्यांनी प्लीज सांगा.

आतेभाऊ हवानाला जाऊन आला, त्याने माझ्यासाठी पार्तागास सेरी डी नंबर ४ च्या पाच सिगार आणल्या. १८४५ पासूनचं क्युबन नाव, रोबुस्टो साइझ, लांबी १२४ मिमी आणि रिंग गेज ५०, म्हणजे इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले ५०, जाडी साधारण २० मिमी. हाताने वळलेली, आत चुरा नाही, लांब पानं, त्यामुळे ठरवलं होतं की घाई करायची नाही, दर सिगारची चव वहीत लिहून ठेवायची.

दोन ओढून झाल्या, दोन्ही भर पावसाळ्यात, आणि दोन्हीचं रडगाणं एकच. कापून न पेटवता ओढून बघितली तेव्हा सुकं गवत आणि मनुके, एकदम छान. बोटांनी दाबली तर गाठ कुठेच नव्हती पण जरा जास्तच मऊ लागली. पहिल्या भागात काळी मिरी, धूर थोडासा नाकातून सोडला की झणझणीत, मग भाजलेली कॉफी आणि लाकूड, मधल्या भागात तर असा मातकट गोडवा आला की मी वहीत पानभर लिहिलं. पण जळताना एकच बाजू भराभर पुढे जात होती, दुसऱ्या बाजूचं रॅपर (बाहेरून गुंडाळलेलं पान) तसंच, लायटरने सारखी सरळ करावी लागली, शिवाय दोनदा विझली. शेवटच्या भागात इतकी कडू की जीभ बधिर झाली आणि दोन बोटं उरलेली असतानाच ठेवून दिली. एरवी मी मिनिटाला एक झुरका घेतो, इथे विझेल या भीतीने भराभर ओढत होतो, त्याने तापून कडू झाली असेल का?

आता खरी शंका. आम्ही डोंबिवलीत राहतो, एसी नाही, पावसाळ्यात इथली हवा किती दमट असते ते तुम्हाला माहितीच आहे. लाकडी ह्युमिडोर आहे, त्यात ओलावा राखायला स्पंज आणि डिस्टिल्ड वॉटर. हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारा) ७२ टक्के दाखवायचा म्हणून मी निवांत होतो. काल मिठाची टेस्ट केली, बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थोडं पाणी, हायग्रोमीटरसोबत झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवलं, ७५ दाखवायला हवं तिथे ७१ दाखवतोय! म्हणजे सिगार इतके दिवस ७६ मध्ये बसल्या होत्या, आणि क्युबन सिगार ६५ च्या आसपास ठेवा असंच सगळे सांगतात.

तर उरलेल्या तिघींचं काय करू? स्पंज काढून ६५ चं बोवेडा पॅक (ओलावा ठरावीक टक्क्यांवर राखणारी पुडी) टाकलं तर त्या किती दिवसांत ठीक होतील, की ओढायच्या आधी एकदोन दिवस नुसत्या कोरड्या डब्यात ठेवू? पटकन कोरड्या केल्या तर रॅपर तडकायची भीती वाटते. आणि चव मार खाते ती ओलीमुळेच, की या सिगारचा शेवट मुळातच असा कडक असतो? ज्यांनी नीट ठेवलेली डी ४ ओढलीय त्यांनी तिसऱ्या भागात काय लागलं ते आवर्जून लिहा.

दिवाळीत आतेभाऊ येतोय, आम्ही दोघं एकेक ओढणार आहोत. एवढ्या लांबून त्याने प्रेमाने आणल्यात, त्याच्या हातात तरी ती चांगली जळायला हवी.