भारतवारीच्या बॅगा, सुट्ट्या आणि घर : तुमचे अनुभव लिहा

इसारकाठ
काल केलरमधून, म्हणजे तळघरातून, मोठी बॅग वर आणली. यंदा गणपतीला घरी जायचंय, चाकं नीट फिरतायत का बघत होते. आतल्या जाळीच्या कप्प्यात एक पुडी निघाली, वर्तमानपत्रात बांधलेली, वर दोरा. सोडायच्या आधीच वास आला. चकलीची भाजणी! २०१९ ला आईनं दिलेली, मी विसरूनच गेले होते. सोबत तिच्या अक्षरातला चिटोरा : ‘एक वाटी पिठाला एक वाटी पाणी. मोहन कडकडीत. झाकून ठेव, घाई करू नको.’

पीठ अर्थातच गेलेलं, पण धन्याजिऱ्याचा वास शाबूत होता. टाकवेना. तशीच ओट्यावर ठेवलीय.

आता तिचं मनगट दुखतं, भाजणी होत नाही तिच्याच्यानं. म्हणून या वेळी ती खुर्चीवर बसणार आणि मी भाजणार, असं ठरवलंय. इथे जर्मनीत, बव्हेरियात शाळांची उन्हाळी सुट्टी ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, त्यामुळे यंदाचे गणपती बरोब्बर सापडले. दिवाळी अशी क्वचितच सापडते.

तुमचं कसं ठरतं? काय नेता, काय आणता, काय राहून जातं?

क्वीन्सकर
चिटोरा लॅमिनेट करून घे आधी.
आमच्याकडे न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी लागू झाली, पण २०२३ ला नेमका रविवार आला. खरी हातात पडली ती २०२४ ला, १ नोव्हेंबरला. लेकीनं पहिल्यांदा सकाळी सकाळी उटणं लावून घेतलं, शाळेची बस नाही, गडबड नाही. एकच दिवस, पण मी दिवसभर घरात नुसती हिंडत होते.

टेम्सकाठचा_गडी
सुट्टी नशीबवानांना. सख्ख्या बहिणीचं लग्न होतं नोव्हेंबरात. मुलांच्या रजेसाठी शाळेला रीतसर अर्ज केला, नामंजूर. तरी गेलो. दंड माणशी ८० पौंड, म्हणजे आईला वेगळा, बापाला वेगळा आणि परत प्रत्येक मुलामागे. दोन मुलांचे ३२० भरले. मुलगा वरातीत मामांच्या खांद्यावर बसून नाचला. पुन्हा भरावे लागले तरी भरीन.

अनारसा
इसारकाठ, तिकडे क्वार्क, ते दह्यासारखं मऊ चीज, मिळतं ना? श्रीखंड कसं होतं त्याचं? आम्ही गेल्याच महिन्यात ड्यूसलडॉर्फला आलोय.

इसारकाठ
@अनारसा मागेरक्वार्क म्हणजे बिनसायीचं क्वार्क घे, फडक्यात तासभर टांगून ठेव, थोडं पाणी सुटतं. पिठीसाखर, वेलची, केशर. आंबटपणा बेताचा असतो, चक्क्याच्या जवळ जातं. उकडीला एशियन दुकानातली थाई तांदळाची पिठी आण. चिकट तांदळाची नको, साधी. पाकिटं शेजारीशेजारी असतात, नीट बघून घे.

सिडनीकर
आमची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारी. तिकिटं तेव्हाच सगळ्यात महाग. शिवाय इथे उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहायची. मी ‘लाडू, मेतकूट, गोडा मसाला, कुळीथ पीठ’ अशी यादीच हातात धरते. एकदा अधिकारी बाईंनी मेतकुटाचा वास घेतला आणि विचारलं, हे कशाशी खातात? मऊभात समजावून सांगता सांगता मलाच भूक लागली. घरी आल्या आल्या आधी कुकर लावला.

कोकणी_माणूस
निघताना विमानतळावर बॅग उघडायला लावून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवल्या. तेल असतं, पेट घेतं म्हणे. आमच्या बागेतलं होतं हो. बाबांनी स्वतः फोडून वाळवलेलं.

क्वीन्सकर
अरेरे 😔 आता कीस भाजूनच चटणी करून आण बाबांकडून.

सेरंगून
सिंगापूरला दीपावलीची सुट्टी आहे, पण ती नरक चतुर्दशीची. लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी आलं की ऑफिस. संध्याकाळी साडेसातला धावत घरी, सासूबाई व्हिडिओ कॉलवर पूजा सांगतात. त्यांच्याकडे तेव्हा पाचच वाजलेले असतात, म्हणून आमच्यासाठी त्या आधी एकदा आणि मग त्यांची स्वतःची, अशी दोनदा पूजा करतात.

मिरजेची_काकू
मी तुमच्या आयांच्या बाजूची. मुलगा-सून-नात २३ किलोच्या चार बॅगा घेऊन जातात तो आदला दिवस घरात नुसता काटाच काटा. हे काढ, ते घाल. परवा सगळी गेली. मोरीत नातीचा छोटा ब्रश राहिलाय. उचलला नाही अजून.

बाळा इसारकाठ, प्रमाण देते. तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, मुगाची एक, उडदाची अर्धी. सगळं धुऊन सावलीत वाळवायचं, मग एकेक वेगळं भाजायचं, मंद आचेवर. धने-जिरे शेवटी. नेताना अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या कर आणि पोचल्यावर थेट फ्रीझरमध्ये. वर्षभर वास जात नाही.

टेम्सकाठचा_गडी
काकू, ब्रश राहू द्या तिथेच. पुढच्या वेळी आल्यावर ती विचारेल.

अनारसा
काकू, पोहे घालत नाही का तुम्ही भाजणीत? माझी आई घालते.

मिरजेची_काकू
घालतात ग. वाटीभर, जाडे. खुसखुशीत होतात. आमच्याकडे पद्धत नाही.

इसारकाठ
काकू, तुमचं प्रमाण आत्ता आईला फोनवर वाचून दाखवलं. इथे चार, तिकडे साडेसात, ती दिवा लावून नुकतीच टेकली होती. पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाली, ‘बाकी बरोबर आहे, पण उडीद मी एक वाटी घालते.’ मग जरा थांबून, ‘डाळी आत्ताच आणून ठेवू का?’

अजून सात आठवडे आहेत. मी म्हटलं, आणून ठेव.