मदत हवी आहे: पोल व्हॉल्टला टेकऑफच्या वेळी हात दुमडतात, पोल वाकतच नाही

परभणीचा_उडीवाला
टेकऑफ घेताना हात दुमडतात, पोल काही वाकत नाही आणि पिटात (पलीकडच्या गाद्यांवर) जायच्या ऐवजी मी परत रनवेवरच येऊन आदळतो. सर म्हणतात हात सरळ कर. पण कसा सरळ करायचा ते कुणी सांगंना. आंतर-महाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आल्यात. उगं ‘सराव कर’ म्हणू नका, सराव चालूच आहे. हातासाठी नेमका व्यायाम सांगा.

गोदाकाठ
वजन किती? पोल किती पौंडाचा? धरतोस कुठं? रनअप किती पावलांचा? पाय कुठं पडतो? यातलं काहीच न सांगता औषध मागायलायस.

परभणीचा_उडीवाला
वजन ५८. डाव्या पायावर उडी, उजवा हात वर, सगळ्यांचा असतो तसाच. पोल कॉलेजचा आहे, फायबरचा, चांगलाय.

दोरीवाला_लातूर
भावा, दोरीचा मल्लखांब कर. खांदे, पकड, पोट सगळं तयार होतं. सोबत रोज पुल-अप्स. महिन्यात फरक दिसेल.

गोदाकाठ
मल्लखांब चांगलाच, पण तो पोलवर लटकल्यानंतर कामाला येतो. हा गडी लटकायच्या आधीच अडकलाय. उडीवाले, ‘चांगला’ म्हणजे काय? पोलावर त्याची लांबी आणि तो किती पौंड वजनाच्या गड्यासाठी आहे ते लिहिलेलं असतं, ते वाच.

जालन्याचे_गुरुजी
आमच्या काळी हिला बांबू उडी म्हणत. वाकवायची भानगडच नव्हती. अमेरिकेच्या वॉर्मरडॅमनं १९४२ साली बांबूवर ४.७७ मीटर मारली होती. आताच्या पोरांना पोलानंच वर फेकावं असं वाटतं.

परभणीचा_उडीवाला
१३ फूट, १५० लिहिलंय. साडेतीन मीटरवर धरतो. रनअप १४ पावलं. पण प्रश्न हाताचा आहे, पोलाचा नाही.

गोदाकाठ
पोलाचाच आहे. १५० पौंड म्हणजे ६८ किलो. तुझ्यापेक्षा दहा किलो जड गड्याचा पोल तो. त्यात १३ फूट म्हणजे जवळपास चार मीटर, अन् तू धरतोस साडेतीनवर. खाली धरला की तोच पोल आणखी ताठ लागतो. तो तुझ्यानं वाकणार नाही, आणि वाकवायच्या नादाला लागूही नको.

आता हाताचं. उजवा हात उशिरा वर जायलाय, म्हणून दुमडतोय. शेवटची तीन पावलं डावा-उजवा-डावा अशी धर. पहिल्या डाव्याला हात कमरेवरून सुटला पाहिजे. उजव्याला तो कानाजवळून कपाळाच्या वर. शेवटचा डावा पडतो तेव्हा हात पूर्ण वर, कोपर सरळ, आणि बुटाचं टोक वरच्या मुठीच्या बरोबर खाली. पाय त्याच्या पुढं, म्हणजे बॉक्सकडं (पोल रोवायच्या खड्ड्याकडं) पडला, की पोल तुला जमिनीवर असतानाच मागं ओढतो. मग हात दुमडणारच, खांद्याला आणि कमरेलाही झटका बसणार. बाजूला मित्राला उभा कर, मोबाईल कमरेच्या उंचीवर धरायला सांग आणि टेकऑफ शूट कर.

सुसाट_नांदेड
डाव्या हाताचं कुणी बोलतच नाही! डावा हात ताठ करून पोलाला समोर रेटायचा, पोल वाकतोच. मी असाच शिकलो.

गोदाकाठ
वाकतो, पण छाती मागं राहते आणि पाय झुलत नाहीत. डावा हात ढिला सोडायचा नाही, पण समोर रेटायचाही नाही. दोन्ही हातांनी पोल वर ढकलायचा. विश्वविक्रमवाल्या बुबकाचे कोच पेत्रोव्ह हेच शिकवायचे: पाय जमीन सोडेपर्यंत पोल वाकायला सुरुवातच व्हायला नको.

सुसाट_नांदेड
मग फ्रान्सचा लाविलेनी? त्याचा पाय आतच, म्हणजे बॉक्सकडंच पडायचा. तरी २०१४ ला डोनेत्स्कमध्ये ६.१६ मारून बुबकाचा रेकॉर्ड मोडलाच ना?

गोदाकाठ
लाविलेनीचा वेग आण, मग पाय कुठंही टाक.

बीडकर_पळणारा
आपल्या बीडच्या अविनाश साबळेनं स्टीपलचेस गाजवली, पण फील्ड इव्हेंटला मराठवाड्यात कुणी विचारत नाही. पिटाच्या गाद्या उंदरांनी खाल्ल्यात सगळीकडं.

परभणीचा_उडीवाला
विषयावर या राव. मग आत्ता करू काय? दुसरा पोल कॉलेजात नाही.

गोदाकाठ
रनवेवर पडणं थांबेपर्यंत पूर्ण रनअप बंद. सहा पावलांवर ये आणि ग्रिप एक-दोन वीत खाली घे.

सुसाट_नांदेड
आत्ताच म्हणालात खाली धरला की पोल ताठ लागतो!

गोदाकाठ
लागू दे की. वाकणं नंतर. आधी पोल सरळ उभा होऊन त्याला पलीकडं न्यायला पाहिजे, आणि खाली धरला की तो सहज उभा होतो. इथं गुरुजींचं बरोबर आहे. लांब उडीच्या वाळूत याच पोलावर चार-सहा पावलांनी उडी मार, न वाकवता. हात वर, उजवा गुडघा वर, छाती पुढं. बस्स.

परभणीचा_उडीवाला
शूट केलं. पाय मुठीच्या पुढं दोन वीत पडायलाय. म्हणजे रनअपची खूण दोन वीत मागं घेऊ ना?

गोदाकाठ
थांब. आधी शेवटची सहा पावलं बघ. तिथं लांब ढांगा टाकत असशील तर खूण कितीही मागं ने, पाय आतच जाईल. सहा पावलं आधी जिथं पाय पडतो तिथं मित्राला चुना टाकायला लाव. रोज तिथंच पडतो का बघ, मग खूण हलव.

हिंगोली_भरती
नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण असतं, त्याला विद्यापीठाचं सर्टिफिकेट चालतं का?

बीडकर_पळणारा
वेगळा धागा काढ भाऊ.

परभणीचा_उडीवाला
काल पाऊस झालाय, रनवेची काळी माती स्पाइक्सला चिकटायलीय. वाफसा आला की चुना टाकून बघतो. तोवर वाळूत.