ब्लॅक होलजवळच्या ग्रहावर एलियन्स असू शकतात का?

निशाचर: आपल्या आकाशगंगेच्या मधोमध जवळपास ४३ लाख सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं ब्लॅक होल आहे, मग त्याच्याभोवती फिरणाऱ्या एखाद्या ग्रहावर जीवसृष्टी असेल का, की ते सगळंच गिळून टाकतं?

ध्रुव: सगळं नाही हो गिळत. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं ब्लॅक होल ठेवलं, जेमतेम ३ किमी त्रिज्येचं, तरी पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. पण ऊब गेली की समुद्र गोठणार, खरी अडचण ती.

कृत्तिका: आणि त्यात वायू पडत असला तर तो लाखो अंश तापून एक्स-रे सोडतो, मग जवळच्या ग्रहाचं वातावरण टिकणं अवघडच. मला विचाराल तर शोध साध्या ताऱ्यांभोवती घ्यावा, तिथे हजारो ग्रह सापडलेत.